काही न विचारणारी बाई

मंगळवार, ५ सप्टेंबर

लग्नाची तारीख ठरली. डिसेंबरातला शेवटचा गुरुवार. शाझलीला कुवेतहून तेव्हाच रजा मिळते.

सांगायला त्याची आई बतूल स्वतः होडीने नाईल ओलांडून आली. बरोबर खजुराची परडी, आणि रुमालात गुंडाळलेली झुमाम. तिच्या घराण्यात सून मेंदीच्या दिवशी ती नाकात घालते. सोन्याची, चंद्रकोरीच्या आकाराची, हातात घेतली तर चांगलीच जड लागते. बतूल म्हणाली, "माझ्या सासूने घातली, मी घातली. आता आमच्या नब्राचं नाक."

नब्रा म्हणाली, "खाला, माझं नाक टोचलेलंच नाही. चिमट्याने लावली तर चालेल का?"

बतूल हसली. "मला काय विचारतेस? तुझ्या आईला विचार."

या हसण्याचा अर्थ मला कळतो. आमच्या नुबी बायका तोंडाने हो म्हणतात आणि मनात गाठ मारून ठेवतात. मी लगेच सांगितलं, "चिमटा कशाला? टोचून घेऊ की."

ती गेल्यावर घरी भाड्याने उतरलेल्या दोन जर्मन पाहुण्यांना करकदेचं, म्हणजे लाल फुलांचं, सरबत दिलं, त्यांना दाखवायला पाळलेल्या मगरीच्या हौदातलं पाणी बदललं आणि आता लिहायला बसले आहे. मनात एकच घोळतंय. नब्रा लहान असताना तिचे सांधे सुजले, ताप आला, आणि तो ताप हृदयाची एक झडप नासवून गेला. दर महिन्याला ती औषधाची सुई घेते. त्यासाठी मी तिला अस्वानला नेत नाही, रेल्वेने एडफूला नेते, कारण अस्वानच्या दवाखान्यात निम्मं गाव भेटतं. मागचं स्थळ असंच मोडलं. एका झाडूवालीने पाहिलं, तिने बहिणीला सांगितलं, आणि आठवड्याच्या आत मुलाकडून निरोप आला की मुलगा अजून लहान आहे. तीस वर्षांचा घोडा, आणि म्हणे लहान.

शाझलीच्या घरी यातलं काही माहीत नाही. कळता कामा नये.

शनिवार, ९ सप्टेंबर

एडफूचा डॉक्टर एकदा म्हणाला होता, हिचा दात काढायचा झाला तरी आधी आम्हाला विचारा, आणि काढणाऱ्यालाही आजार सांगा. पण नाक म्हणजे काही दात नव्हे. मुळात रक्त ते किती येणार?

तरीही मी घाई करणार नाही. चांगली बाई शोधीन.

शेजारच्या फौझियाला नुसतं विचारलं की हल्ली नाक कोण टोचतं, तर म्हणाली, "कोणाचं? तुझं? अगं उम्म नब्रा, लग्नाच्या मुलीची आई तू, या वयात नवरा शोधतेस की काय!" मग स्वतःच्याच विनोदावर हौदाच्या कठड्याला धरून हसली. नंतर नावं सांगितली. आमच्या गावातली म्हातारी शाया, अस्वानच्या बाजारातला सोनार, आणि नव्या वस्तीतली कोणी तहानी, तिला सगळे अबला, म्हणजे ताई, म्हणतात. ही पूर्वी परिचारिका होती म्हणे.

शायाच्या हाताला गुण आहे. माझे कान तिनेच टोचले. पण ती प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत बसते आणि प्रत्येक नवरीचं नाक, कान, पाठ, पोट सगळ्यांना सांगत सुटते. ती नको.

सोमवार, १८ सप्टेंबर

सोनाराकडे जाऊन आलो. तो पिस्तुलासारखं काहीतरी वापरतो. ते खटकन वाजतं आणि कानात टिकली बसते. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात त्याने एका मुलीच्या कानावरून ते काढलं आणि तसंच दुसरीच्या कानाला लावलं. नब्रा माझ्या कानात म्हणाली, "आई, पुसलंसुद्धा नाही."

खरंच नव्हतं पुसलं. नीट बघायची दृष्टी आहे पोरीला. आणि दुकानाला काच, बाहेर सगळा बाजार. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना दिसतं. तिथून निघालो.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज शाझलीचा फोन आला. नब्रा पीठ मळत होती, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. तो म्हणाला, "सुई झाली का?"

नब्राने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही अजून. आई नेणार आहे."

"उशीर करू नकोस. मागच्या वेळीही लांबवलंस."

पुरुष किती उतावीळ! बायकोच्या नाकाची एवढी काळजी. बतूलनेच मागे लावलं असणार. फोन ठेवल्यावर नब्रा म्हणाली, "आई, त्याच्याशी माझं एक बोलणं झालंय, ते तुला—" मी म्हटलं, नवराबायकोचं बोलणं नवराबायकोत ठेवायचं, आणि बायको व्हायला अजून अवकाश आहे. मग ती मळत राहिली. रोट्या मात्र छान फुगल्या.

या महिन्याची एडफूची सुईही राहिली आहे. बतूलची माणसं सध्या त्या रेल्वेने येतात-जातात. पुढच्या महिन्यात नेईन.

बुधवार, ४ ऑक्टोबर

अबला तहानीकडे गेलो. खोली तिसऱ्या मजल्यावर. वाटेत नब्राला उसाचा रस घेऊन दिला होता, तो ग्लास तिच्या हातात तसाच होता, आणि जिना चढून ती धापा टाकत होती.

खोली चांगली आहे. पांढऱ्या फरशा, भाकरी ठेवायच्या डब्याएवढी एक पेटी, त्यात ती अवजारं वाफेवर ठेवते. सुया बंद पाकिटात. तिने पाकीट आमच्या समोर ठेवलं आणि म्हणाली, "हे मी तुमच्यासमोरच फोडीन. फुटलेलं दिसलं तर उठून जा."

इथवर ठीक होतं. मग चौकशी सुरू झाली. वय काय. औषधं कोणती चालू. रक्त थांबायला वेळ लागतो का. साखर आहे का. कावीळ झाली होती का. हृदयाचं काही?

मी म्हटलं, "अल्लाची कृपा. दगड फोडील अशी तब्येत आहे."

"मग जिना चढून एवढी धाप?"

"रोजा आहे आज तिचा."

तहानीने नब्राच्या हातातल्या रसाच्या ग्लासाकडे पाहिलं.  नब्रा आपल्या चपलांकडे बघत होती.

मग तहानी आमची झुमाम तळहातावर तोलत हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मी नाही म्हणणार नाही, फक्त जपून करीन. आणि ही जुनी कडी ताज्या भोकात मी घालणार नाही. ती काही महिन्यांनी. सध्या बारीक कडी देईन. लग्न डिसेंबरात, म्हणजे उशीरच झालाय."

जिना उतरताना मी संतापले होते. नाक टोचणारी आहे की न्यायाधीश? एवढं विचारायचं कशाला? ज्याला विचारायची हौस त्याला सांगायचीही हौस. शिवाय तिची नणंद बतूलच्याच गावात दिली आहे, हे फौझियाने आधी सांगितलं असतं तर पायरीही चढले नसते.

नब्रा होडीत म्हणाली, "मला ती आवडली."

"का?"

"तिने माझ्याकडे बघून विचारलं."

सोमवार, ९ ऑक्टोबर

मिळाली. अल्लाने वाट दाखवली.

खाली कोम ओम्बोच्या बाजूला नुबींची एक वस्ती आहे. तिथे हाज्जा रौदा राहते. तिकडच्या बायका तिला विहीर म्हणतात. तिच्या कानात घातलेली गोष्ट तळाला जाते, वर येत नाही. मी तिकडून अस्वानच्या बाजाराला येणाऱ्या बायकांकडून तीनतीनदा खातरी करून घेतली. सगळ्यांनी एकच सांगितलं. एक म्हणाली, "तिने कोणाकोणाचं काय टोचलंय आणि काय झाकलंय, ते तिच्याबरोबर कबरीत जाईल."

असं माणूस हवं होतं. हात काय, कोणाचाही चालतो. विश्वास तोंडाचा असतो.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

झालं.

हाज्जा रौदाने आम्हाला आत घेतलं, दार लावलं, उदाच्या धुरावर हात फिरवला. झाडलेलं अंगण, स्वच्छ चटई. मी म्हटलं, "हाज्जा, आम्ही आलो होतो हे—"

ती म्हणाली, "कोण आलं होतं?"

बस्स. तेवढ्याने मला रडू आलं. मग मी तिला नब्राच्या हृदयाचंही सांगितलं. कोणाला तरी सांगावं असं किती वर्षं वाटत होतं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणाली, "पोटात गेलं." काही विचारलं नाही. सुई डब्यातून काढली, मेणबत्तीवर धरली, आणि आपल्या ओढणीच्या टोकाने चांगली पुसून घेतली. किती नीटनेटकी बाई! नब्राने विचारलं, "ही सुई नवी आहे का?" मी तिला कोपराने ढोसलं. हाज्जा हसली. "पोरी, नवी सुई अडते. वापरलेली सरळ जाते."

एका दमात टोचलं. तेलात बुडवलेला काळा दोरा ओवला. नब्रा हूं की चूं नाही.

परतताना मला इतकं हलकं वाटलं की बाजारातून टरबूज घेतलं.

रविवार, १५ ऑक्टोबर

फौझियाने घोळ घातला. नव्या टोचलेल्या मुलीच्या खोलीत नवी चंद्रकोर दिसेपर्यंत मयताघरून आलेल्या माणसाने पाऊल टाकायचं नसतं. मुशाहरा, म्हणजे चंद्राची बाधा, लागते. ही बया पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी मयताला गेली होती, तिथून थेट आमच्याकडे, नब्राच्या पलंगावर जाऊन बसली. "बघू, बघू! अगं, माशी बसल्यासारखं दिसतंय!"

मी ओरडले तेव्हा म्हणाली, "नाक टोचलंय की किल्ला बांधलाय? कोणी आत यायचंच नाही होय!"

संध्याकाळी नब्राच्या नाकपुडीवर लाली दिसली. ही त्या फौझियामुळेच.

सोमवार, २३ ऑक्टोबर

नाकाशी छोटी पुळी, दाबली की पिवळं येतं. अंग कोमट. मी उपाय केला. वाडग्यात नाईलचं पाणी घेतलं, त्यात बतूलची झुमाम आणि माझ्या दोन बांगड्या बुडवल्या, आणि त्या पाण्याने तिचं नाक धुतलं. आईने माझं असंच केलं होतं. सकाळ-संध्याकाळ सात दिवस करायचं.

नब्रा म्हणाली, "आई, डॉक्टरला दाखवू."

"काय सांगणार?"

"खरं."

"खरं सांगितलं की ते कागदावर लिहितात."

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

पुळी बसली. पाहिलंस? असं तिला म्हणालेही. दोरा काढून एक बारीक सोन्याची कडी घातली. सुंदर दिसते.

ताप मात्र दुपारनंतर येतो. थंडी वाजते, घाम येतो, सकाळी ठीक. हवा बदलते आहे. फौझिया दारातूनच विचारते, "येऊ का आत, की अजून चंद्राची परवानगी घ्यायची आहे?" 

शाझलीचा फोन. नब्रा पडून होती म्हणून मी घेतला. "खाला, तिने सुई घेतली?" मी म्हटलं, "घेतली बाबा, केव्हाच घेतली. काळजी करू नकोस." तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह," आणि त्याचा आवाज इतका मोकळा झाला की मलाही बरं वाटलं. प्रेमळ मुलगा आहे.

बुधवार, १ नोव्हेंबर

नब्रा जेवत नाही. मोलुखियाची पातळ पालेभाजी केली, एक घास घेतला. बोटांच्या टोकांवर लाल ठिपके आले आहेत. मेंदीचे डाग असतील म्हटलं, तर म्हणाली, "मी मेंदी लावलेलीच नाही, आई."

पाहुण्यांच्या खोल्या बंद ठेवल्या. मगरीला मासे घालायला विसरले, तर ती काठावर तोंड उघडून बसली होती.

एडफूला न्यावं का? तिला रेल्वेच्या फलाटापर्यंत तरी चालवेल का?

शनिवार, ४ नोव्हेंबर

रुग्णालयाच्या ओसरीत बसून लिहिते आहे. अस्वानच्याच. फौझियाने विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ होडीवाल्याला बोलावून आणलं, नब्राला पाठीवर घेतलं आणि मला म्हणाली, "तुझी चंद्रकोर गेली खड्ड्यात. चल."

आम्ही पोचलो आणि मागून बतूल आली. होडीवाला तिच्या भावाचा मुलगा.

तरुण डॉक्टर होता. त्याने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, बोटांचे ठिपके पाहिले, नाकातली कडी पाहिली. मला विचारलं, "हिला आधीपासून हृदयाचा आजार आहे?"

बतूल माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटलं, "नाही. धडधाकट होती."

"नीट आठवा. लहानपणी सांधे सुजले होते?"

"नाही."

"कुठली औषधं? सुया?"

"नाही हो, नाही."

हे मी लिहून ठेवते आहे. तीनदा विचारलं आणि तीनदा नाही म्हटलं. नब्रा शुद्धीत असती तर तिने सांगितलं असतं.

मग बतूल पुढे झाली. म्हणाली, "डॉक्टर, लिहून घ्या. लहान असताना सांध्यांचा ताप आला होता. एक झडप खराब आहे. दर महिन्याला पेनिसिलिनची सुई घेते, एडफूला. सप्टेंबरपासून चुकली असावी. माझा मुलगा तिकडून दर फोनवर विचारतो, सुई झाली का म्हणून. शेवटी यांनीच त्याला सांगितलं की झाली."

डॉक्टर पळतच आत गेला.

 बतूल माझ्याकडे न बघता म्हणाली, "साखरपुड्याच्या आधीच पोरीने त्याला सांगितलं होतं. त्याने मला. आम्ही विचार केला आणि हो म्हटलं. तू सांगशील म्हणून मी वाट बघत राहिले. ती चिमट्याचं म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी तर झुमाम दोऱ्याने कानाला बांधलेलीही चालवून घेतली असती."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

रक्तात जंतू आहेत आणि ते झडपेवर घर करून बसले आहेत. नाकातून गेले. डॉक्टर विचारतात, कोणी टोचलं, कशाने टोचलं, तिथे आणखी मुली येतात का. मी म्हटलं, बाजारात कोणीतरी. हाज्जा रौदाचं नाव जिभेवर आलं आणि परत गेलं. तिने माझं पोटात ठेवलं, मी तिचं बाहेर कसं काढू?

कडी कापून काढली. औषध थेट शिरेतून चालू आहे, दिवसरात्र.

सोमवार, २७ नोव्हेंबर

छाती उघडली. झडप काढून धातूची बसवली. नब्रा जिवंत आहे. रात्री तिच्या उशाशी बसले की ती झडप ऐकू येते. टिक, टिक, भिंतीवरच्या घड्याळासारखी. मी विचारलं, "तुला ऐकू येतं का?" ती म्हणाली, "मला दुसरं काहीच ऐकू येत नाही."

आता जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. त्या गोळीवर दिवस राहिले तर आई आणि मूल दोघांनाही धोका, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळं नब्राला सांगितलं, तिला कागद दिला, तिची सही घेतली.

रविवार, १७ डिसेंबर

शाझली आला. कुवेतचं जाड जाकीट घातलेलं, हातात चॉकलेटचा डबा. आमच्या अंगणात नब्राशी बराच वेळ बोलत बसला. मी स्वयंपाकघरात होते. कान लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि खरंच लावला नाही. जाताना त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "खाला, मला खरं सांगितलं असतंत तर मी विमान पकडून आलो असतो."

नब्रा म्हणाली, "मी नको म्हटलं. तो थांबायला तयार होता. मूल नसलं तरी चालेल म्हणाला. आज म्हणतो. पुढे कधी तरी चालणार नाही, आणि तेव्हा तो सांगणार नाही, मनात ठेवील. तसल्या घरात मी राहिले आहे."

मी तिला चहा दिला. तिने घेतला.

झुमाम फौझियाच्या हाती परत पाठवली. फौझिया आजकाल विनोद करत नाही. मला ते सहन होत नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

काल तपासणीला गेलो तेव्हा त्या तरुण डॉक्टरने पुन्हा विचारलं, कोणी टोचलं. नब्रा माझ्याकडे बघत होती. मी नाव सांगितलं, वस्ती सांगितली. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, आरोग्य खात्याला कळवीन, पण वेळ लागेल.

म्हणून आज सकाळी मीच निघाले. नब्राने विचारलं, "तिला काय सांगणार आहेस?"

"सुई बदल म्हणून. आणि तिथे येणाऱ्या बायकांना सांगेन की एका मुलीचं असं झालं."

"एका मुलीचं म्हणालीस तर कोणी ऐकणार नाही. माझं नाव घे."

हाज्जा रौदाने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी म्हटलं, "हाज्जा, आधी कोणाला असं झालं होतं का?"

ती पेल्यात साखर ढवळत राहिली. मग म्हणाली, "झालं होतं. मागच्या ईदच्या सुमारास. नाक सुजलं, ताप चढला."

"मग?"

"तिच्या आईने शपथ घातली."

"ती मुलगी आहे का?"

"पोरी, तिचं तुला सांगितलं, तर उद्या तुझं तिसरीला सांगेन. मग माझ्याकडे कोण येईल?"

"मी इथे बसले होते. तिच्या हृदयाचं तुला सांगितलं होतं. ती नव्या सुईचं विचारत होती."

"तू मला गप्प राहायला सांगितलंस," ती म्हणाली. "मी गप्प राहिले."

मी पेला खाली ठेवला आणि उठले.  तिला खरंच वाटत होतं की तिने शब्द पाळला.

बाहेर आले तर उंबऱ्याशी एक बाई उभी, चांगल्या घरची, आणि तिच्या ओढणीला धरून एक मुलगी. नब्राएवढीच, जरा बारीक. मी त्या बाईला बाजूला घेतलं. म्हटलं, "आत जाऊ नका. माझ्या मुलीचं नाक हिने टोचलं. तिची छाती उघडावी लागली."

ती घाबरली. मुलीकडे पाहिलं. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "तुमच्या मुलीचं लग्न झालं का?"

"मोडलं."

"हां," ती म्हणाली. जणू तिला हवं ते उत्तर मिळालं. तिने मुलीचा हात धरला, आत गेली, आणि दार लागलं.

मी दार वाजवलं. उघडलं नाही. ओरडून सांगितलं, एक सुई सगळ्यांना वापरते, पाकीट मागा, नवी मागा. गल्लीत दोन खिडक्या उघडल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं बाई? कोणी मेलं का?"

थोड्या वेळाने त्या दोघी बाहेर आल्या. मुलीच्या नाकात काळा दोरा. डोळ्यांत पाणी, पण खुशीत होती, सारखी नाकाला हात लावत होती. बाई माझ्याकडे न बघता झपझप स्टेशनच्या रस्त्याला लागली. मी त्यांच्या बरोबरीने चालू लागले.

मी सांगत गेले. हात लावू नकोस. ताप आला, एक दिवस जरी आला, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. टोचलं आहे हे आधी सांग. कोणी टोचलं तेही सांग. तुला कधी काही आजार झाला असेल तर तोही सांग, आई काही म्हणाली तरी. माझ्या मुलीचं नाव नब्रा. नब्रा खैरी, पश्चिम काठावरची. तिला हृदयाचा आजार होता आणि मी तो लपवला. विचारलं तेव्हा डॉक्टरपासूनही लपवला.

मुलगी थबकली. माझ्याकडे पाहू लागली. तिने नाकावरचा हात खाली घेतला.

रस्त्यावर भाजीवाले होते, शाळा सुटलेली होती, टांग्यावरची माणसं वळून बघत होती. त्या बाईने माझा दंड धरला.  म्हणाली, "हळू बोला हो. तुम्हाला हात जोडते. लोक ऐकतायत."

मी हळू बोलले नाही.